चालत्या गाडीत स्टिअरिंग मधेच जड होतंय? कॉलम बदलायच्या आधी हे करून बघा

गेल्या पावसाळ्यात कासवरून परत येत होतो. यवतेश्वर घाट उतरताना धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे मागचे दिवे तेवढे दिसत होते, मागच्या सीटवर सासूबाई, दोन्ही मुलं झोपलेली, आणि एका वळणावर स्टिअरिंग एकदम दगड झालं. मीटरमध्ये स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. दोन्ही हातांनी ओढून कसंबसं वळण काढलं, पुढे जागा बघून गाडी बाजूला घेतली, बंद करून परत चालू केली तर दिवा गायब आणि स्टिअरिंग नेहमीसारखं हलकं. साताऱ्यात घरी पोचेपर्यंत काही नाही, पुढचे नऊ दिवस काही नाही, आणि दहाव्या दिवशी पोवई नाक्याजवळ गाडी पार्क करताना परत तेच.

यातून सुटायला मला सव्वादोन महिने लागले. तीन ठिकाणी गाडी दाखवली, एका ठिकाणी अख्खा स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा, त्यावरच्या मोटर आणि सेन्सरसकट) बदलायचं ६८ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं, आणि शेवटी दोष निघाला बॅटरीच्या ट्रेखालच्या अर्थच्या वायरीत (बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणारी जाड वायर), ७५० रुपयात काम झालं. मी मेकॅनिक नाही, ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, पण या दोन महिन्यात जे कळलं ते क्रमाने लिहिते, कारण हा दोष येतो आणि जातो, आणि गॅरेजमध्ये गाडी नेली की नेमका दिसत नाही, त्यामुळे माणूस वैतागून "काय बदलायचं ते बदला" म्हणून मोकळा होतो. तेवढं करू नका.

१. गाडी चालू असताना जड झालं तर त्या क्षणी

हे आधी वाचा आणि घरात जो जो गाडी चालवतो त्याला सांगा. पॉवर गेली म्हणजे स्टिअरिंग लॉक झालं असं नाही. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी जोड तसाच असतो, फक्त मोटरची किंवा ऑईलची मदत थांबलेली असते, जोर लावला की गाडी वळते. वेग जास्त असेल तर जड कमी जाणवतं, वेग कमी आणि वळण मोठं असेल तर खूप जाणवतं. ॲक्सिलरेटर सोडा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, हळूहळू ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग लाईट, आणि सरळ पट्टा मिळाला की बाजूला.

चालत्या गाडीत चावी बंद करू नका. "बंद करून चालू केलं की नीट होतं" हे एकदा कळलं की उतारावरच तसं करायचा मोह होतो, माझ्या दिरांनी केलंही होतं एकदा. इंजिन बंद झालं की ब्रेकची पॉवरही जाते, एकदोनदा दाबण्यापुरती शिल्लक राहते, मग पेडल कडक होतं. आणि चावी काढली तर स्टिअरिंग खरंच लॉक होऊ शकतं. गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा, मगच बंद करा.

अजून एक बघायचं, स्टिअरिंगबरोबर बॅटरीचा लाल दिवा लागलाय का. तो लागला आणि तुमचं स्टिअरिंग बेल्टवर चालणारं असेल तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, तेव्हा टेम्परेचर चढायच्या आत थांबा, घरापर्यंत ओढत नेऊ नका.

२. तुमच्या गाडीत कुठलं स्टिअरिंग आहे ते ओळखा

बॉनेट उघडा. पॉवर स्टिअरिंग ऑईलची छोटी डबी दिसली, झाकणावर स्टिअरिंगचं चित्र, तर हायड्रॉलिक. इंजिनचा बेल्ट पंप फिरवतो, पंप ऑईलला प्रेशर देतो, ते प्रेशर चाकं वळवायला मदत करतं. जुन्या, चॅसिसवर बॉडी असलेल्या दणकट एसयूव्हीत बहुतेक हेच.

डबी नसेल तर इलेक्ट्रिक, म्हणजे ईपीएस. कॉलमवर किंवा रॅकवर (पुढची चाकं वळवणारा आडवा दांडा) मोटर असते, तुम्ही किती जोर लावताय ते एक सेन्सर मोजतो आणि कंट्रोल युनिट त्या हिशोबाने मोटरला करंट देतं. माझी गाडी यातली, सात सीटर, डिझेल, सहा वर्षं जुनी. पुढचं बरंचसं ईपीएसबद्दल आहे, हायड्रॉलिकवाल्यांनी पायरी ३ वाचून थेट ८ वर जावं.

३. वही करा, आणि मोबाईलवर व्हिडिओ

सगळ्यात कंटाळवाणी पायरी आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच. ग्लोव्ह बॉक्समध्ये वही ठेवली आणि प्रत्येक वेळी दोष आला की गाडी थांबवून लिहिलं: तारीख, वेळ, पाऊस होता का, गाडी गरम होती का नुकती काढलेली, एसी आणि हेडलाईट चालू होते का, वेग, वळत होते का सरळ, कुठला दिवा लागला, परत चालू केल्यावर गेलं का, आणि आदल्या दोन दिवसांत गाडी धुतली किंवा कुठे काम केलं का.

सहा नोंदी झाल्यावर मी नुसतं वाचत बसले तर दिसायला लागलं. सहापैकी पाच वेळा पाऊस किंवा दमट हवा. सहाही वेळा एसी आणि हेडलाईट चालू. सहाही वेळा हळू वेगात मोठं वळण किंवा पार्किंग. महामार्गावर कराडपर्यंत रोज जाऊन येऊन एकदाही नाही. म्हणजे ज्या ज्या वेळी मोटरला जास्त करंट लागतो आणि बाकीचा लोडही असतो त्याच वेळी दोष येत होता. कॉलममधला सेन्सर खराब असता तर त्याला हेडलाईट चालू आहेत का बंद याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तुमच्या वहीत वेगळं निघेल. फक्त सकाळी पहिल्या पाच मिनिटांत जड आणि नंतर हलकं, तर हायड्रॉलिकमध्ये रॅकचे सील किंवा पंप झिजल्याचा संशय घ्यायचा. पाऊस पडला किंवा पाण्यातून गाडी गेली की जड, आणि बेल्टची शिट्टी, तर बेल्ट. अरुंद जागेत पाच सहा वेळा स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवल्यावर हळूहळू जड होत गेलं, दिवाही नाही, आणि थोडा वेळ थांबल्यावर आपोआप हलकं झालं तर ईपीएसची मोटर गरम होऊन स्वतःला वाचवतेय, तो दोष असेलच असं नाही. खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर जातं आणि येतं, तर कुठला तरी कनेक्टर ढिला.

व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने नाही. मीटरमधला दिवा, स्टिअरिंगवरचे हात आणि इंजिनचा आवाज तिन्ही आले पाहिजेत. माझ्या मुलीने काढलेला अठरा सेकंदांचा व्हिडिओ पुढे कसा कामाला आला ते खाली सांगते.

४. काय काय जवळ पाहिजे

कागदपत्रं: आरसी, वॉरंटी पुस्तिका, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद (कित्येकांना आपण घेतलीये हेच आठवत नाही, गाडी घेताना फाईलमध्ये लावून दिलेली असते), आधीच्या सर्व्हिसची बिलं, बॅटरी कधी बदलली त्याचं बिल, आणि ती वही. चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाईटवर आपल्या गाडीला रिकॉल (ठरावीक दोषासाठी कंपनीनेच गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा, पाच मिनिटांचं काम. रिकॉलमधला दोष निघाला तर दुरुस्ती फुकट होते.

सामान: डिजिटल मल्टीमीटर, साधा घरगुतीही चालतो. दहा नंबरचा पाना, बहुतेक गाड्यांच्या टर्मिनलला हाच लागतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खायचा सोडा आणि गरम पाणी, व्हॅसलीन, टॉर्च, रबरी हातमोजे. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पाना किंवा बांगडी पॉझिटिव्ह आणि बॉडीला एकदम लागली तर धातू लालबुंद होतो आणि हात जबर भाजतो.

स्टिअरिंग कॉलमचं कव्हर उघडून आत हात घालू नका. तिथे एअरबॅगच्या वायरी असतात.

५. टर्मिनलला हात लावायच्या आधी स्कॅन

स्कॅन म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून त्यात साठवलेले दोषांचे कोड वाचणं. हा क्रम मी चुकवला होता म्हणून जोर देऊन सांगते. शेजारच्या काकांनी सांगितलं बॅटरीची वायर काढून लाव, रिसेट होईल, आणि मी केलं. काही गाड्यांत त्याने साठवलेले कोड पुसले जातात, माझ्या गाडीत गेले, आणि पहिल्या दोन वेळचा पुरावा संपला. आधी स्कॅन करा, स्क्रीनचा फोटो काढा, मगच बाकीचं.

कोडचं पहिलं अक्षर बघायचं. पी म्हणजे इंजिन गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसिस, स्टिअरिंगचे कोड बहुतेक यातच, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे युनिटांचं एकमेकांशी बोलणं तुटलं. ऑनलाईन मिळणारे स्वस्त ब्लूटूथवाले स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतात. त्यात "कोड नाही" आलं म्हणजे स्टिअरिंग ठीक आहे असं अजिबात नाही. ईपीएसचं युनिट वाचणारा स्कॅनर पाहिजे, तो सर्व्हिस सेंटरला किंवा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो.

आणि कोडचं वर्णन नीट वाचा. माझ्यात व्होल्टेज कमी असल्याचा कोड आला होता, आणि त्याच्याच जोरावर कॉलम बदलायचं एस्टिमेट दिलं गेलं, कारण कोड ईपीएस युनिटमधून आलाय म्हणजे ईपीएस खराब. हा उलटा अर्थ झाला. युनिट सांगतंय की मला करंट पोचत नाहीये, आणि आपण ते युनिटच फेकायला निघालो.

६. बॅटरी आणि अल्टरनेटर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. १२.४ ते १२.७ व्होल्ट ठीक. १२.२ च्या खाली म्हणजे बॅटरी नीट चार्ज होत नाहीये किंवा थकलीये. स्टार्टर मारताना आकडा क्षणभर पडतो, १० च्या बराच खाली जात असेल तर बॅटरी तपासून घ्या. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. नवीन गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो आणि आकडा वरखाली होतो, तेव्हा मधेच १३ च्या खाली दिसला म्हणून घाबरू नका, हेडलाईट आणि पंखा चालू करून परत बघा.

स्टार्ट स्टॉपवाली (सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होणारी) गाडी असेल आणि कोणी स्वस्तात साधी बॅटरी बसवून दिली असेल तर ती लवकर खचते. बॅटरी बदलताना मूळ प्रकारचीच घ्या.

टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं की ते घट्ट करणं हेच पहिलं काम. पांढरी हिरवी पावडर असेल तर निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह, सोड्याच्या गरम पाण्याने धुवा (पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नका), ब्रशने घासा, कोरडं करा, लावताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, वरून व्हॅसलीनचा हात. माझी बॅटरी दीड वर्षाची होती, टर्मिनल स्वच्छ, आकडे सगळे बरोबर. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात करंटचा प्रॉब्लेम नाही. मीही थांबले होते.

७. अर्थिंग

ईपीएसची मोटर पार्किंगमध्ये सहज ४०-५० अँपिअर खेचते, म्हणून तिचा फ्यूज बहुतेक गाड्यांत ६० ते ८० अँपिअरचा असतो. हा करंट पॉझिटिव्हने जातो आणि बॉडीच्या पत्र्यातून, अर्थच्या वायरीतून परत येतो. परतीच्या वाटेवर गंज असेल तर काय होतं बघा. समजा एका बोल्टपाशी फक्त ०.०२ ओहम इतका विरोध आला. ५० अँपिअरला तिथे १ व्होल्ट गेला. ०.०७ ओहम झाला तर साडेतीन व्होल्ट गेले, मोटरपाशी उरले दहाच्या आसपास, आणि युनिट मदत बंद करून दिवा लावतं. इंजिन परत चालू केलं की युनिट नव्याने सुरू होतं, लोड कमी असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं.

आता बहुतेक गॅरेजमध्ये अर्थ कसा तपासतात, मल्टीमीटर बीपवर ठेवून. बीप वाजला, अर्थ ओके. पण मीटरचा बीप वीसतीस ओहमलाही वाजतो, त्याच्या दृष्टीने ०.०७ ओहम म्हणजे काहीच नाही. माझ्या गाडीचा अर्थ दोन ठिकाणी असाच बीप वाजवून पास झाला. अर्थ तपासायचा तो लोड देऊन, व्होल्टवर.

असं करा. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, वायरीच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर, जमलं तर ईपीएसची अर्थ वायर जिथे बॉडीला लागते त्या बोल्टवर. आता एसी, हेडलाईट, पंखा सगळं चालू करा आणि आत बसलेल्याला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायला सांगा, टोकाला दाबून धरायचं नाही, लगेच सोडायचं. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. मग लाल पिन इंजिनच्या धातूवर ठेवून तसंच, कारण निगेटिव्हपासून साधारणपणे दोन वाटा निघतात, एक बॉडीला, एक इंजिन गिअरबॉक्सला.

आमच्या जुन्या एमआयडीसीकडे एक वायरमन मामा आहेत, ट्रक आणि ट्रॅक्टरची कामं करतात. त्यांच्या शेडमध्ये हे केलं तेव्हा आधी ०.३ आला, मर्यादेच्या जरासाच वर. स्टिअरिंग वळवलं तसा १.८. मामांनी बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून निगेटिव्हची जाड वायर नुसती हलवली आणि आकडा ३.६ वर उडाला, आणि माझ्या डोळ्यासमोर गाडीच्या मीटरमधला पिवळा दिवा लागला, सव्वादोन महिने जो गॅरेजमध्ये कोणाला दिसत नव्हता तो. मामा म्हणाले, "ताई, मोटारीला करंटच पोचंना तर ती तरी काय करल? कालम न्हाई गेला तुमचा."

ट्रे काढला. वायरीचं लग (टोकाची धातूची कडी) बॉडीला जिथे बोल्टने बसतं तिथे वरून काही दिसत नव्हतं, रंग, धूळ, बस. बोल्ट खोलल्यावर लगच्या खालच्या बाजूला हिरवट पावडरचा थर, आणि पत्र्यावर लगच्या आकाराचा गोल गंज, मधे बोटाच्या नखाएवढीच चमकणारी जागा. सगळा करंट त्या नखाएवढ्या जागेतून जात होता. वायरीच्या लगला लागून असलेल्या तारा कोट काढल्यावर काळ्या पडलेल्या, तीनचार तर हातात तुटून आल्या. आधीच्या मालकाच्या वेळी बॅटरीचं ॲसिड सांडलं असावं असं मामांचं म्हणणं. तिथे हात लावला तर बोल्ट चांगला गरम होता, त्या ठिकाणी वाया जाणारी वीज उष्णता बनत होती ना. तेव्हा तुम्हीही तपासून झाल्यावर इंजिन बंद करून, बेल्ट पंख्यापासून हात लांब ठेवून, अर्थचे बोल्ट हाताने चाचपून बघा, बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तोच.

पत्रा चमकेपर्यंत घासला, तेवढ्याच जाडीची नवीन वायर, नवीन लग, दातेरी वॉशर, घट्ट बसवून वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून मग बसवू नका, धातू धातूला टेकला पाहिजे. परत मोजलं, पूर्ण लोडला ०.०४.

अर्थ नीट निघाला तर हीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूला करा. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी ईपीएसच्या मोठ्या फ्यूजच्या पलीकडच्या टोकावर, तशीच वळवावळवी, आकडा तसाच लहान पाहिजे. मोठा फ्यूज स्क्रूने बसवलेला असतो आणि तो स्क्रू ढिला असणं हे बऱ्यापैकी सापडतं. मग वायरी. आमच्याकडे उसाच्या रानाशेजारी गाडी लावणाऱ्यांना उंदरांचं सांगायला नको, ऊस तुटला की ते गाडीत येतात. ड्रायव्हरच्या पायापाशी, मॅटच्या वर, कॉलमच्या खाली येणारे कनेक्टर टॉर्चने बघा, ओली छत्री आणि ओले बूट तिथेच पाणी सोडतात. बाहेरून बसवलेले जादा हॉर्न, लाईट बार, ॲम्प्लिफायर यांच्या वायरी कुठे जोडल्यात तेही. सगळे त्याच एका टर्मिनलवर चढवलेले असतील तर काढून बघा.

८. हायड्रॉलिक असेल तर

ऑईलची पातळी बघा, गाडी थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. कमी असेल तर नुसतं टाकून पुढे जाऊ नका, कुठून गळतंय ते शोधा, कारण ही सिस्टीम सीलबंद असते, ऑईल जळून संपत नाही. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा, आत ऑईल असेल तर रॅकचे सील गेले. ऑईलमध्ये फेस असेल आणि वळवताना पंप घुंई आवाज करत असेल तर हवा शिरलीये, बऱ्याचदा डबी आणि पंपाच्या मधला नळीचा क्लॅम्प ढिला असतो, तिथून बाहेर ऑईल येत नाही पण हवा आत जाते, म्हणून पटकन सापडत नाही.

कुठलं ऑईल टाकायचं ते झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. लाल रंगाचं सगळं एकच असं समजू नका. ब्रेक ऑईल चुकूनसुद्धा नाही, सील फुगतात आणि पंप रॅक दोन्ही जातात.

बेल्ट: इंजिन बंद करून भेगा, चमक, ऑईलचे डाग बघा. ऑईल लागलेला बेल्ट नुसता ताणून उपयोग नाही. सगळं ठीक असूनही आयडलला जड आणि रेस केल्यावर हलकं होत असेल तर पंपाचं प्रेशर गेजने मोजून घ्या, अंदाजाने पंप बदलू नका.

९. पॉवरचा दोष नसतोही

पुढच्या टायरची हवा मोजा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. आणि स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं असं लागत असेल तर खालच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय, तो ग्रीसने थोडे दिवस दबतो, बदलावाच लागतो.

१०. सर्व्हिस सेंटरला कसं बोलायचं

एका ठिकाणी मला सांगितलं गेलं, "मॅडम, लेडीज चालवतात तेव्हा थोडं जड वाटतंच." मी काही न बोलता व्हिडिओ दाखवला. अठरा सेकंदांत दिवा लागलेला आणि माझ्या दिरांचे, रोज ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाचे, हात स्टिअरिंगवर ताणलेले दिसत होते. जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरचा तक्रार नोंदवायचा कागद) तक्रार लिहिली गेली ती त्यानंतर. ज्या बायका स्वतः गाडी नेतात त्यांनी व्हिडिओ काढल्याशिवाय जाऊच नका असं मी सांगेन, वाईट वाटतं पण आहे हे असं आहे.

जॉब कार्डवर "स्टिअरिंग चेक" असं लिहू देऊ नका. "हळू वेगात वळताना, एसी आणि हेडलाईट चालू असताना मदत अचानक बंद होते, पिवळा दिवा लागतो, रीस्टार्टने जातो" असं पूर्ण लिहायला लावा आणि त्याचा फोटो काढा. दोष सापडला नाही म्हणून गाडी परत दिली तर तेही लिहून घ्या. वॉरंटी संपायच्या आत तक्रार नोंदलेली असणं पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

कॉलम किंवा रॅक बदलायला सांगितलं तर तीनच गोष्टी विचारा: कुठला कोड आहे, लोडवर अर्थचा आणि पॉझिटिव्हचा व्होल्टेज ड्रॉप (पायरी ७ मध्ये मोजला तो आकडा) किती आला, आणि पार्ट बदलूनही दोष राहिला तर पैशाचं काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात आलं नाही तर तपासलेलं नाही असं समजा आणि गाडी घेऊन या. वॉरंटीत असूनही टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

खरंच सेन्सर किंवा मोटर गेलेली असू शकते, तेव्हा कॉलम बदलावाच लागतो, आणि नवीन युनिटला गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं आणि स्टिअरिंग अँगलचं कॅलिब्रेशन लागतं. जुन्या बाजारातला कॉलम आणून बसवायचा विचार असेल तर हे कॅलिब्रेशन कोण करून देणार ते आधी ठरवा, आणि एअरबॅगची गाडी आहे हे लक्षात ठेवून मी तरी स्टिअरिंगच्या बाबतीत जुना पार्ट घेणार नाही.

११. नीट झालं याची खात्री

कोड पुसून घ्या, नाहीतर जुना का नवा कळत नाही. मग ज्या परिस्थितीत दोष यायचा तीच मुद्दाम आणा. मी वहीतून बघून तशीच ट्रीप ठरवली, पावसाचा दिवस, एसी हेडलाईट चालू, आधी घरासमोर दहा मिनिटं पार्किंगची वळवावळवी, मग यवतेश्वर घाट चढून उतरून. पहिल्या वेळी एकटीने गेले, मुलांना घेतलं नाही. दोन आठवड्यांनी परत स्कॅन, कोड नाही.

मामांनी सांगितल्याप्रमाणे आता दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, अर्थचा ड्रॉप मोजते. या वर्षीचा आकडा ०.०५, वहीत लिहून ठेवलाय.